सासूबाईंना गाडी का लागत होती

माझे सासरे बोटीवरच्या इंजिनखोलीत काम करून निवृत्त झाले आणि मालवणात परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते गाडी घेण्याचं. गाडी जुनी होती, मुंबईत बरीच वर्षं फिरलेली. पुढे गोल डोळ्यांसारखे दोन दिवे, रंग कधीकाळी आकाशी असावा. माझ्या मिस्टरांची नोकरी तेव्हा मुंबईत होती आणि मी मालवणच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सासरे, सासूबाई आणि मी. गाडीत बसायलाही तिघंच. सासरे चालवायचे, मी त्यांच्या शेजारी आणि सासूबाई ऐसपैस मागे.

अडचण एकच होती. सासूबाईंना गाडी लागायची.

वाटेतलं कट्टा गाव येईपर्यंत त्या बोलत असायच्या. नंतर गप्प व्हायच्या, मग कपाळ धरायच्या आणि कुडाळच्या अलीकडे कुठेतरी गाडी थांबवायला लावून रस्त्याकडेला उलटी करायच्या. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत डोकं बांधून पडून राहायच्या. सासऱ्यांना हे फार लागे. आयुष्यभर ज्या माणसाने इंजिनं सांभाळली, त्याच्या स्वतःच्या गाडीत बायको बसायला तयार नाही, म्हणजे काय?

"ही तुझी नाटकां आसत," ते म्हणायचे. "येष्टीतसून मिठबावाक माहेराक जातंस तेवा काय्येक होना नाय तुका. माझ्या गाडयेतच बरां होता."

"मगे माका येष्टीच बरी," सासूबाई म्हणायच्या. "तुमच्या गाडयेत मी परत बसूचंय नाय."

आणि खरंच त्या बसेनाशा झाल्या. आता वाटतं, त्या भांडणातच सगळं उत्तर होतं. एसटीत काही होत नाही आणि गाडीतच होतं, हे दोघंही पुन्हा पुन्हा सांगत होते. पण ते ऐकून पुढचा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं, आणि मी तर शाळेत मुलांना प्रश्न विचारायला शिकवत होते.

ऐंशीच्या दशकाचं ते शेवट-शेवटचं वर्ष. गाड्यांच्या धुराबद्दल नवा नियम येतोय अशी बोलवा होती. मग एक दिवस कळलं की कुडाळात हायवेलगतच्या पटांगणावर धूर तपासायचं शिबिर आहे. सक्ती नव्हती, दंड नव्हता. यंत्र आणणार होते, गाडीच्या मागच्या नळीत त्याची नळी घालणार होते आणि काटा आकडा दाखवणार होता. ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कार्बन मोनॉक्साइड फळ्यावर मी कितीदा लिहिला होता, पण तो मोजणारं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांचा उत्साह वेगळ्या कारणाने होता. आपल्या इंजिनाला कुणीतरी सरकारी माणसाने चांगलं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. पटांगणावर मांडवाखाली टेबल, टेबलावर ते यंत्र. रेडिओएवढा पत्र्याचा डबा, पुढे काचेमागे काटा, मागून निघालेली लांब काळी नळी. ते हाताळणारा तरुण अधिकारी घाटावरचा होता. इस्त्रीचा शर्ट, पण बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. आमची पाळी आली तेव्हा त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि नळीचं टोक आमच्या सायलेन्सरमध्ये आत सरकवलं.

काटा हलला. दोनाच्या जरा पुढे जाऊन तो थांबला.

"तीन टक्क्यांच्या आत आहे. पास," अधिकारी म्हणाला आणि त्याने पावती लिहायला घेतली.

सासऱ्यांनी मान ताठ करून आजूबाजूला पाहिलं. माझी नजर मात्र सायलेन्सरच्या तोंडावर गेली होती. मी सहज बोट आत फिरवून बाहेर काढलं, तर ते चुलीवरच्या टोपाच्या बुडाला लावल्यासारखं काळंकुट्ट. इंधन नीट जळत असेल तर एवढी काजळी कशी धरेल? अर्धवट जळालं तर काजळी होते आणि अर्धवट जळालं तर तो वायूही होतो. बोट एक सांगत होतं आणि काटा दुसरंच.

पावती सासऱ्यांच्या हातात पडली होती. मी म्हणाले, "साहेब, परत एकदा बघता का? मला हे बरोबर वाटत नाही."

मागे उभ्या असलेल्या रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पास झालेली गाडी नापास करूक सांगणारी सून पयल्यांदाच बघितलंय." सासऱ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. सून चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडत नाही. आणि मी तेच केलं होतं, तेही त्यांच्या इंजिनाबद्दल.

अधिकारी चिडला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याने माझं बोट पाहिलं, मग सायलेन्सरचं तोंड पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. "थांबा," तो म्हणाला. त्याने एक ओलं फडकं घेऊन सायलेन्सरच्या तोंडावर घट्ट दाबलं. धूर बाहेर यायचा बंद झाला. असं केलं की इंजिन गुदमरून बंद पडायला हवं, पण आमचं इंजिन आरामात चालूच राहिलं आणि गाडीच्या पोटाखालून फुस्स फुस्स असा आवाज येऊ लागला.

सासऱ्यांनी तो आवाज माझ्याआधी ओळखला. क्षणापूर्वीचा राग कुठल्या कुठे गेला. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी ते गाडीखाली आडवे झाले आणि खालून ओरडले, "पायप कुसलोहा रे! हयसर केवढां भोक पडलां!"

समुद्राची खारी हवा लोखंड कसं खाते ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण ते भोक आम्हाला फसवत होतं. त्यातून धूर बाहेर जात होता आणि बाहेरची स्वच्छ हवा आत खेचली जात होती. शेवटी यंत्राच्या नळीपाशी पोचत होतं ते पाणी घातलेलं दूध. अधिकाऱ्याने भिजवलेलं गोणपाट मागवून सासऱ्यांना त्या भोकाभोवती आवळून धरायला सांगितलं आणि यंत्राची नळी पुन्हा आत घातली. या वेळी काटा दोनावर थांबला नाही. तीन, चार, पाच करत तो आठाच्याही पुढे गेला. रांगेतला हशा थांबला होता. लोक पुढे सरकून काचेत डोकावत होते.

"सोडा, भाजेल," अधिकारी म्हणाला. सासरे बाहेर आले, सदरा मातीने आणि तेलाने माखलेला. "नेमकं कुठे आहे भोक?" त्याने विचारलं.

"मागच्या सीटच्या बरोबर खाली," सासरे म्हणाले. "वरचो पत्रोय गंजलोहा."

मागच्या सीटच्या खाली. मी दार उघडून मागची चटई उचलली. गंजलेल्या पत्र्याच्या चाळणीतून खालचं गवत दिसत होतं.

परतीच्या वाटेवर आम्ही चारही काचा खाली करून निघालो. कट्ट्याच्या जरा अलीकडे सासऱ्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"त्या वायूचां माका परत सांग," ते म्हणाले. "सगळां. पोरांका सांगतंस तसां."

मी सांगितलं. त्याला वास नसतो, रंग नसतो. रक्त प्राणवायू घेऊन अंगभर फिरतं, पण हा वायू आधी येऊन त्याची जागा धरतो. एसटीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतं ना, तसा. आणि एकदा बसला की लवकर उठत नाही. मग माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते. आणखी जास्त गेला तर माणूस झोपतो तो उठतच नाही.

सासरे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत राहिले. "आमी दोघांव फुडे, काचो उघडे," ते हळूच म्हणाले. "आणि ती मागे. तिका वारो लागता म्हणान तिची काच मीच वर करी." "म्हणजे तिची नाटकां न्हवती."

घरी पोचल्यावर ते तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई विळीवर नारळ खवत बसल्या होत्या. सासरे दारातच उभे राहिले. "तुझां बरोबर होतां," ते म्हणाले. "माझी गाडीच तुका इख देय होती."

सासूबाईंनी हात न थांबवता वर पाहिलं. "माका ठावक होतां," त्या म्हणाल्या. "पण तुमका सांगूचा कोणी?" मग त्यांच्या सदऱ्याकडे नजर गेली आणि त्यांनी खवलेला नारळ बाजूला ठेवला. "ह्यां काय करून इलास? काढा तो सदरो आदी."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. मी शाळेतून धावत घरी यायचे. चहा घ्यायचंही भान नसे. सासऱ्यांनी कुजलेला पाइप काढून बाजारातल्या वेल्डरकडून नवा तुकडा जोडून आणला, खालच्या पत्र्याला ठिगळ मारलं. आता धूर पळवाट न काढता सरळ मागून येऊ लागला, आणि तो किती काळा आहे ते पहिल्यांदाच कळलं. मागच्या कुंपणावरची जास्वंद काळवंडली.

म्हणजे अर्धाच आजार गेला होता. धूर आत येत नव्हता, पण तो मुळात इतका का होतो हे शोधायचं राहिलं होतं. पेट्रोल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय, दोहोंपैकी एक. सासऱ्यांनी हवेची जाळी काढून धुतली. फरक नाही. मग मी गाडीत बसून चोकचा दांडा ओढायचा आणि सोडायचा, त्यांनी बॉनेटखाली वाकून झडप पूर्ण उघडते का ते पाहायचं. झडप झकास उघडत होती. शेवटी ते म्हणाले, "आता कार्बोरेटर."

पण त्यांच्या स्वरात नेहमीचा जोर नव्हता. बोटीवरची इंजिनं डिझेलची, माणसाच्या उंचीची. त्यांना कार्बोरेटर नसायचाच. "ह्यां सोनाराचां काम," ते म्हणाले. "माझी बोटां जाडी. तू बस माझ्यावांगडा."

ओटीवर जुनं वर्तमानपत्र पसरून आम्ही समोरासमोर बसलो. ते स्क्रू सैल करायचे, मी एकेक भाग काढल्या क्रमाने मांडायचे. आत एक पितळी तरंगता गोळा होता. संडासातल्या फ्लशच्या टाकीत पाणी भरलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो, तसंच त्याचं काम. पेट्रोलची वाटी भरली की हा गोळा वर उचलला जातो आणि येणारी धार थांबवतो. मी तो हातात घेतला. एवढासा पोकळ गोळा, पण वजन जरा जास्तच वाटलं. नारळात पाणी आहे का ते पाहायला आपण नारळ कानाशी धरून हलवतो तसा मी तो हलवला.

आत पाणी होतं. म्हणजे पेट्रोल.

"बाबा," मी म्हणाले, "ह्यो आयका."

त्यांनी हलवून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आतून भरलेला गोळा तरंगणार कसा? तो बुडून बसायचा, धार थांबायचीच नाही, आणि इंजिन सदोदित पेट्रोल पीत राहायचं. पण भोक कुठे होतं? डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

"गरम पाण्यात घालूया," मी म्हणाले. "आतलं पेट्रोल तापून वाफ होईल आणि भोकातून बाहेर येईल."

सासूबाई इतका वेळ दारातून पाहत होत्या. त्या स्वतःच न्हाणीतून कढत पाण्याची बादली घेऊन आल्या. चुलीपासून लांब, अंगणाच्या मध्यावर बादली ठेवली आणि मी चिमट्यात धरून गोळा पाण्याखाली नेला. तिघांची डोकी बादलीवर. आधी काहीच झालं नाही. मग एका बाजूने, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून, बुडबुड्यांची बारीक माळ वर येऊ लागली.

"हयसून येतत," सासूबाई बोट दाखवत म्हणाल्या. "हयसून, सांध्यातसून." आणि त्या हसायलाच लागल्या. ज्या गाडीचं तोंड पाहायला त्या तयार नव्हत्या तिच्या पोटातली ही गंमत पाहायला त्यांनी पदर खोचला होता.

आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत गोळा उन्हात ठेवला. मग बाजारातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन त्या सांध्यावर शिशाचा डाग देऊन घेतला. फार थोडा, कारण शिसं जास्त झालं तर त्याच्या वजनानेच गोळा पुन्हा बुडणार. सगळं जोडून इंजिन चालू केलं तेव्हा मागून आला तो जेमतेम राखाडी फवारा. आम्ही दोघं मागे वाकून उभे होतो, आणि गल्लीतून जाणारे लोक थांबून विचारत होते की काय हरवलंय.

पुढच्या आठवड्यात ते यंत्र गोव्याच्या वाटेवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर येणार होतं. निघायच्या सकाळी सासऱ्यांनी सासूबाईंना चल म्हटलं नाही. त्यांची हिंमतच झाली नसावी. आम्ही गाडीत बसणार एवढ्यात सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात जेवणाचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

तसा प्रवास मी पुन्हा केला नाही. कट्टा गेलं, कुडाळ गेलं, झाराप मागे पडलं. सासरे एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात ठेवून चालवत होते. सावंतवाडीचं तळं दिसलं तेव्हा मागून आवाज आला.

"माझ्या तोंडाकडे कित्या बघतास? रस्तो बघा. डोक्यां दुखना नाय माझां."

सासऱ्यांनी शीळ घालायला सुरुवात केली. ते शीळ घालू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

इन्सुलीला ट्रकांची रांग लागली होती. एका झाडाखाली टेबल मांडलेलं. अधिकाऱ्याने मला लांबूनच ओळखलं. "पास झालेली गाडी परत तपासायला लावणाऱ्या बाई आल्या," तो म्हणाला. त्याने आधी ओलं फडकं दाबून पाहिलं. या वेळी खालून फुस्स झालं नाही. इंजिन धापा टाकू लागलं, आणि त्याने समाधानाने मान हलवून फडकं काढलं. मग नळी आत गेली.

काटा चढू लागला. तीन आला, गेला. साडेचारावर थांबला.

सासऱ्यांचे खांदे पडले. पण अधिकारी हसत होता. "मागच्या वेळी आठ होते, काका. मोठा दोष गेलाय. आता फक्त स्क्रू राहिलाय. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण त्याने जुळवायचं. तुम्ही फिरवा, बाई काटा वाचतील."

सासरे बॉनेटखाली वाकले. तिथून त्यांना यंत्र दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने सांगायचं ठरलं. त्यांनी स्क्रू जरासा आत घेतला. काटा लगेच हलत नसे. वायू नळीतून यायला वेळ लागायचा.

"चार," मी ओरडले. "आणखी वायच."

आजूबाजूचे ट्रकवाले जमा झाले होते.

"साडेतीन. उतरता हा, बाबा."

"तीन!" हे माझ्याआधी गर्दीतूनच कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात इंजिन अडखळलं, गाडी थरथरली आणि बंद पडेल असं वाटलं.

"पेट्रोल कमी झालां," सासरे म्हणाले. आता ते यंत्राकडे नाही, इंजिनाकडे कान लावून होते. त्यांनी स्क्रू केसभर मागे घेतला. इंजिन सावरलं, एका लयीत चालू लागलं. मी काट्याकडे पाहिलं. तो तीनाच्या खाली, अडीचाच्या आसपास येऊन स्थिर झाला होता. मी वाट पाहिली. तो तिथेच राहिला.

"रवा, तसोच रवांदे," मी म्हणाले. सासरे स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन यंत्रापाशी आले, काचेत वाकून पाहिलं आणि माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. सासूबाई गाडीतून उतरल्या होत्या. "माका दाखवा तो काटो," म्हणत त्याही वाकल्या.

मला एकच विचारायचं होतं. ती नळी गाडीच्या आत, मागच्या सीटवर धरून बघता येईल का?

"धरा," अधिकारी म्हणाला, "पण हे यंत्र एवढ्या बारीक हवेसाठी नाही. काटा हलला नाही तरी त्यावर विसंबू नका. खालचा पत्रा आणि सांधे दर पावसाळ्यानंतर पाहत चला, तेच खरं." त्याने उगाच धीर दिला नाही, हे मला आवडलं.

आम्ही निघणार तेवढ्यात गर्दीतला एक टॅक्सीवाला पुढे आला. दोडामार्गाकडचा होता, गोव्यात भाडी न्यायचा. जरा संकोचून तो सासऱ्यांना म्हणाला, "काकानु, माझ्या गाडयेत मागे बसलेल्या बायकांका नेमी उलटी जाता. मी म्हणा घाटाच्या वळणांनी होता. वायच बघशात?"

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी डबा झाडाच्या सावलीत ठेवला आणि गाडीतली जुनी चादर काढून सासऱ्यांच्या हातात दिली, खाली अंथरायला. सासरे टॅक्सीखाली शिरले. मी फडकं भिजवून घेतलं, टॅक्सीवाल्याला इंजिन चालू करायला सांगितलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"आयकाक येता काय, बाबा?" मी विचारलं.

"वायच थांब," खालून आवाज आला. "घट्ट धर."